जोखीम आम्ही मार्चमध्येच घेतो

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

कालच्या अंकातला महिला उद्योजकांवरचा लेख वाचला आणि रात्री उशिरापर्यंत तो डोक्यातून गेला नाही. लेखकांचा हेतू चांगलाच असणार. पण बायका जोखीम घ्यायला कचरतात, मोठा विचार करत नाहीत आणि म्हणून त्यांचे धंदे लहान राहतात, हे त्यांचे म्हणणे मला अजिबात मान्य नाही.

मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात काजूगराचा लहान कारखाना चालवते. बी येते मार्च ते मे. तेवढ्या दिवसांत वर्षभराची बी घ्यायची, उन्हात खडखडीत वाळवायची आणि पोती भरून ठेवायची. पाऊस लागला की चांगली बी मिळत नाही, मिळालीच तर दमट. म्हणजे वर्षाचा सगळा पैसा मे संपायच्या आत पोत्यांत अडकतो आणि चतुर्थी-दिवाळीला गराला काय दर मिळेल, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नसते. आफ्रिकेतून बी किती येते, त्यावरही आमचा भाव हलतो. बी घेताना मूठभर हातात खुळखुळवून बघायची, दोन-चार कापून आतला गर भरलेला आहे की सुरकुतलेला ते बघायचे आणि जागच्या जागी दर ठरवायचा. चार किलो बीला जेमतेम किलोभर गर सुटतो. बोरम्यात, म्हणजे गर वाळवायच्या भट्टीत, ताप जास्त झाला तर गर तांबूस पडतो, कमी झाला तर साल निघत नाही. 320 नंबरच्या प्रतीचा अख्खा पांढरा गर आणि दुभंगलेली पाकळी यांच्या दरात जो फरक आहे, त्यावर आमचा नफा-तोटा ठरतो. हे सगळे अंगावर घेणारी बाई जोखीम घेत नाही, असे कोणी कसे म्हणू शकते?

आता माझा अनुभव सांगते. खेळत्या भांडवलाची मर्यादा वाढवून घ्यायला मी एका बँकेच्या शाखेत गेले होते. यजमान सोबत होते, कारण घर तारण ठेवायचे तर गोव्याच्या नागरी कायद्याप्रमाणे नवरा-बायको दोघांच्याही सह्या लागतात. ते हायस्कूलात गणित शिकवतात, कारखान्याच्या व्यवहारात ते नसतात. व्यवस्थापकांनी माझा ताळेबंद उघडला आणि यजमानांकडे बघून विचारले, "सर, पुढे काय विचार आहे? मशिनरी वाढवणार? स्वतःच्या ब्रँडने पॅकिंग करणार?" यजमान म्हणाले, "धंदा तिचा आहे, तिला विचारा." मग व्यवस्थापक माझ्याकडे वळले. "ताई, बी महागली तर हप्ते कसे भरणार? मुलं लहान आहेत, जमेल का? आणि बंद पडलं तर घराचं काय?"

ताळेबंद तोच, आकडे तेच. यजमानांना वाढीचे प्रश्न आणि मला बुडण्याचे.

कर्ज मंजूर झाले, पण पावसाच्या तोंडावर. तोवर चांगली बी व्यापाऱ्यांनी उचलली होती. त्या वर्षी कारखाना दिवाळीआधीच थांबला आणि बी फोडणाऱ्या, गर सोलणाऱ्या बायकांना मला घरी बसवावे लागले. टरफलाच्या तेलाने ज्यांच्या बोटांची कातडी निघते, त्यांना "आता काम नाही" हे सांगताना माझी काय अवस्था झाली, ती मीच जाणते. त्या वर्षाची उलाढाल कोणी बघितली तर म्हणेल, बाईचा धंदा वाढत नाही!

हे फक्त माझ्याच वाट्याला आले असते तर मी पत्र लिहिले नसते. न्यूयॉर्कच्या एका मोठ्या स्टार्टअप स्पर्धेत गुंतवणूकदारांनी विचारलेले प्रश्न संशोधक डाना कांझे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासले होते. 2018 साली ते संशोधन प्रसिद्ध झाले. पुरुषांना विचारलेल्या प्रश्नांपैकी 67 टक्के वाढीबद्दलचे होते आणि बायकांना विचारलेल्यांपैकी 66 टक्के नुकसान कसे टाळणार याबद्दलचे. ज्यांना नुकसानीचे प्रश्न आले, त्यांना भांडवलही कमी मिळाले. विचारणाऱ्या बायका असल्या तरी हेच घडत होते. लेखकांनी बायकांचे गुण मोजण्याआधी हे वाचायला हवे होते.

गुणांचेच म्हणाल तर उद्योजकता प्रशिक्षणात आम्हाला ती यादी शिकवतात. संयुक्त राष्ट्रांच्या एम्प्रेटेक कार्यक्रमात असे दहा गुण धरले आहेत: संधी हेरणे, चिकाटी, दिलेला शब्द पाळणे, माहिती काढणे, हिशेबी जोखीम घेणे वगैरे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एक सकाळ उभे राहा आणि सोलां (आमसुलं), मिरच्या, सुकी मासळी विकणाऱ्या बायकांत यातला कुठला गुण कमी आहे, ते मला दाखवा. त्यांच्याकडे नाही ते भांडवल.

ते किती मिळते? लहान धंद्यांना कर्ज देणाऱ्या 2015 पासूनच्या मुद्रा योजनेत बहुसंख्य खाती बायकांची आहेत, हे भाषणांत आपण सारखे ऐकतो. पण त्यातली बरीचशी 'शिशु' गटातली, म्हणजे 50,000 रुपयांपर्यंतची. किलोला दीडशे रुपये धरले तर एवढ्या पैशांत सव्वातीनशे-साडेतीनशे किलो बी येते. त्यावर कारखाना चालत नाही. 2016 च्या स्टँड अप इंडिया योजनेत 10 लाख ते 1 कोटीपर्यंतचे कर्ज होते, पण ते नव्याने उभ्या राहणाऱ्या उद्योगाला. जो धंदा चालू आहे आणि वाढवायचा आहे, त्याने कुठे जायचे?

आपल्या गोव्याची आणखी एक गोष्ट लेखकांच्या नजरेतून सुटली. मालमत्ता दोघांची निम्मी-निम्मी, हा आपला कायदा मला मनापासून आवडतो. पण त्याच नात्याने आयकरात धंद्याचे उत्पन्न नवरा-बायकोत निम्मे-निम्मे वाटले जाते आणि पगार मात्र वाटला जात नाही. म्हणजे माझ्या नफ्यातला अर्धा भाग यजमानांच्या विवरणपत्रात जातो आणि त्यांचा पगार पूर्ण त्यांच्याच नावावर राहतो. माझे विवरणपत्र बघणाऱ्याला माझी कमाई निम्मीच दिसते. आणि सह्यांचा नियम तर पुरुष कर्जदारालाही लागू आहे. आमच्याच वाड्यावरच्या एका लाकूड व्यापाऱ्याच्या बायकोने अशी सही केली. तिला कोणी विचारले का, पुढे काय विचार आहे म्हणून? कागद पुढे सरकवला, बोट ठेवून जागा दाखवली, झाले.

बँकांवरची देखरेख ज्यांच्याकडे आहे, त्यांनी बाई कर्ज मागायला आली की तिचा अर्ज किती दिवसांत निकालात निघतो, एवढे जरी शाखानिहाय जाहीर केले तरी पुष्कळ कळेल. काजूच्या धंद्यात मार्चचा पैसा आणि जूनचा पैसा सारखा नसतो.

आता आपल्या वृत्तपत्राबद्दलही लिहिते, रागावू नये. हा लेख आपण पुरवणीत, पाककृतींच्या शेजारी छापलात. सोबतच्या फोटोत फीत कापणारे पाहुणे पुढे आहेत आणि ज्यांचा माल मांडला आहे त्या बचत गटाच्या बायका मागे, अर्ध्या कापलेल्या. पाहुण्यांची नावे क्रमाने दिली आहेत, त्या बायकांपैकी एकीचेही नाव नाही. हे पहिल्यांदाच घडलेले नाही. हा विषय अर्थविषयक पानावर घ्यावा आणि फोटोखाली माल बनवणाऱ्यांची नावे आधी द्यावीत, ही आग्रहाची विनंती.

आपली,
एक काजू कारखानदार, सत्तरी