सांडणीच्या सडाला दोन छिद्रं असतात, साहेब

मा. पशुसंवर्धन मंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य

स.न.वि.वि.

आम्ही रबारी. आजोबा कच्छहून मेंढ्या-उंट घेऊन आले. माझा जन्म आर्वीच्या शिवारातल्या डेऱ्यावरचा. मराठी शाळेत शिकलो, म्हणून हे पत्र मीच लिहितोय.

गेल्या पंधरवड्यात आमच्या सांडणीची, म्हणजे उंटिणीची, कास सुजली. आधी गोचीड, मग बाभळीच्या काट्याचा ओरखडा. दोन दिवसांत उजवीकडचे दोन्ही सड दगडासारखे झाले, दुधात गुठळ्या आणि रक्त. पिल्लानं तोंड लावलं की ती लाथ झाडायची. दूध बाटलीत भरून अकरा किलोमीटर चालत दवाखान्यात नेलं. "उंटाचं आमच्याकडे काही नसतं," एवढंच उत्तर. उन्हाळ्यातल्या मेळाव्यात एका साहेबांनी मात्र शब्द दिला होता, फोन करा, गाडी डेऱ्यावर येईल. तीनदा फोन केला. चौथ्या दिवशी एकजण आला आणि गाईच्या औषधाची ट्यूब सडात सोडून गेला.

सांडणीच्या एका सडाला बहुतेक वेळा दोन छिद्रं असतात, आत कप्पेही वेगळे. छिद्र बारीक. एकातून सोडलेलं औषध दुसऱ्या कप्प्यात जात नाही. माझ्या आईला हे धार काढून काढून कळलंय. सरकारी पगारावरच्या माणसाला का कळू नये? दोन सड कायमचे गेले. तेरा महिने गाभण राहून दोन वर्षांतून एक वेत, त्यातलं निम्मं दूध संपलं. पिल्लाला शेळीचं दूध पाजतोय. आई रात्र रात्र त्याच्याजवळ बसते, जेवत नाही.

पिल्लानं सगळं पिऊ नये म्हणून आम्ही सड दोरीनं बांधतो. त्यानंही इजा होते, मान्य. पण हे सांगायला डेऱ्यावर आलं कोण?

२०१२ साली देशात ४ लाख उंट होते, २०१९च्या पशुगणनेत अडीच लाख उरले. उरलेलेही असेच जाणार. वावरात मेंढ्या बसवून खत हवं असतं तेव्हा आम्ही चालतो. रानात शिरलो की दंड, रस्त्याला लागलो की कागद दाखवा. योजनेचा अर्ज करायला गेलो तर सातबारा मागतात. वावर असतं तर आम्ही फिरलो असतो का?

बिकानेरला १९८४पासून उंटांचं संशोधन केंद्र आहे, नागपूरला आपलं पशुवैद्यक विद्यापीठ आहे. इथले दोन डॉक्टर बिकानेरला शिकायला पाठवा. बारीक नळी द्या, दूध तपासायचं द्रावण द्या. दूध चांगलं दिसत असतानाही आतली बाधा त्यानं कळते.

आमची दुसरी सांडणी माघात विणार आहे. त्याआधी पाठवा.

आपला,
डेऱ्यावरचा एक उंटपाळ