ग्लिसरीनचा प्रत्येक ड्रम तपासा

संपादक महोदय,

खोकल्याच्या औषधाने मुले दगावल्याची बातमी आली की पुढचे काही दिवस ‘विषारी ग्लिसरीन’ हे शब्द सतत कानांवर पडतात. मी उमेदीची सगळी वर्षे ग्लिसरीन शुद्ध करण्याच्या कारखान्यात केमिस्ट म्हणून काढली. ग्लिसरीन, म्हणजे अशा औषधांना दाटपणा आणि गोडी देणारा द्रव, मुळात विषारी नाही. विष त्यात नेमके कुठे शिरते हे लोकांना कळले तर जाब योग्य ठिकाणी विचारता येईल, म्हणून हे पत्र.

कच्चे ग्लिसरीन, म्हणजे आमचे ‘क्रूड’, तेल आणि चरबीतून निघते. साबण केल्यावर उरणाऱ्या खारट पाण्यात ते असते. बायोडिझेलच्या कारखान्यांतूनही येते. १०० किलो बायोडिझेलमागे साधारण १० किलो क्रूड निघते. वडे-भजी तळून काळ्या पडलेल्या तेलाचे बायोडिझेल करण्यासाठी एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये ‘रुको’ योजना आणली; त्या तेलातूनही हेच क्रूड हाती येते. दिसायला काकवीसारखे, आणि त्यात मिथेनॉल, मीठ, साबण, पाणी सगळे मिसळलेले.

ते शुद्ध करणे हे चिकाटीचे काम आहे. हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड घातले की साबण फुटतो आणि फॅटी अ‍ॅसिडचा थर वर येतो. तो काढायचा, उरलेले अ‍ॅसिड कॉस्टिक सोड्याने मारायचे, मग मिथेनॉल आणि पाणी उडवायचे. त्यानंतर डिस्टिलेशन. ग्लिसरीन उघड्यावर २९० अंशांना उकळते, पण तिथवर पोचेपर्यंत ते करपू लागते आणि अ‍ॅक्रोलीन सुटते. म्हणून भांड्यातली जवळजवळ सगळी हवा ओढून व्हॅक्यूम, म्हणजे निर्वात, करतात आणि २०० अंशांच्या आतच ग्लिसरीनची वाफ करतात. हा व्हॅक्यूम जरा ढळला की करपलेल्या तेलाचा तो दर्प आधी डोळ्यांना झोंबतो. ऑपरेटर गेज बघण्याआधीच व्हॉल्व्हकडे धावतो. ग्लिसरीनची वाफ होऊन वर जाते. मीठ आणि डांबरट गाळ तळाशी राहतो. शेवटी अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बनमधून काढले की रंग आणि वास जातो. ९९.५ टक्क्यांच्या वरचा तो माल सँपलच्या बाटलीत भरून पांढऱ्या कागदासमोर धरला की कागदावर पिवळी झाकसुद्धा पडत नाही. या कामाचा मला आजही अभिमान आहे.

आता विषाचे. डायएथिलिन ग्लायकॉल, म्हणजे डीईजी, तेलातून येत नाही. ते पेट्रोकेमिकल कारखान्यात तयार होते आणि ब्रेक ऑइलसारख्या वस्तूंत वापरतात. तेही बिनरंगी, दाटसर, चवीला गोड. पोटात गेले की मूत्रपिंडे निकामी करते. ग्लिसरीन शुद्ध करणारी रिफायनरी ते तयार करत नाही. ते शिरते ते माल कारखान्याबाहेर पडल्यावर. मोठे ड्रम फोडून लहान कॅनमध्ये भरताना, स्वस्तातला औद्योगिक माल औषधी लेबलाखाली खपवताना.

मुंबईला हे नवे नाही. १९८६ मध्ये जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिलेले १४ रुग्ण दगावले. औषधी ग्लिसरीन म्हणून आलेला माल औद्योगिक प्रतीचा होता आणि त्यात डीईजी होते. न्या. बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने खरेदीपासून तपासणीपर्यंतची सगळी साखळी उघडी केली. पुढे १९९६ मध्ये हैतीत ऐंशीहून अधिक मुले गेली. तिथे ग्लिसरीन हातोहात फिरले आणि त्याचा मूळ कारखाना कोणता, हे कागदांवर दिसेनासे झाले. २००६ मध्ये पनामात तेच. २०२५ मध्ये छिंदवाड्यातही खोकल्याच्या औषधात डीईजी सापडले. तिथे औषध विरघळवायला वापरलेला द्रव प्रोपिलिन ग्लायकॉल होता, ग्लिसरीन नव्हे. रसायन बदलले, वाट तीच राहिली.

सर्वांत जास्त चीड येते ती यासाठी की ही तपासणी अवघड नाही. औषधी ग्लिसरीनमध्ये डीईजी ०.१ टक्क्याच्या आत असले पाहिजे, आणि तेवढे गॅस क्रोमॅटोग्राफवर, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, सहज पकडता येते. ज्याच्याकडे ते यंत्र नाही त्यालाही ढोबळ फसवणूक साध्या घनतेवरून ओळखता येते: एक लिटर शुद्ध ग्लिसरीन सव्वा किलोहून किंचित जास्त भरते, डीईजी जेमतेम १ किलो १२० ग्रॅम. भेसळ थोडी असेल तर घनता पुरत नाही, तिथे प्रयोगशाळाच हवी. पण अनेक ठिकाणी व्यापाऱ्याने स्वतःच्या लेटरहेडवर टाइप केलेले सर्टिफिकेट फायलीला लावतात आणि ड्रम थेट मिक्सिंग टाकीत रिकामा होतो. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाला माझी विनंती आहे. औषधासाठी घेतलेल्या ग्लिसरीनसोबत मूळ रिफायनरीचे, त्याच बॅचचे सर्टिफिकेट असल्याशिवाय ते वापरू देऊ नये. सँपल लॉटमधल्या एखाद्या ड्रमचे घेऊन भागवू नये, प्रत्येक ड्रमचे घ्यावे. आणि धाडी औषध कारखान्यांवर टाकण्याआधी, ड्रम फोडून लहान कॅन भरणाऱ्या गोदामांपासून सुरुवात करावी. त्यांची नोंदवही मागावी: किती किलो माल आत आला, कोणाकडून आला, आणि किती किलो बाहेर गेला.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त केमिस्ट, डोंबिवली (पूर्व)