पिनकोडाशेजारी संख्याही लिहा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

टागोर नगरात माझ्या धाकट्या भावाची पिठाची गिरणी आहे. गेल्या श्रावणात, ऐन सणाच्या दळणांत, तिची मोटर जळली. नवीसाठी त्याने एका कंपनीच्या अ‍ॅपवर दोन लाखांच्या कर्जाचा अर्ज केला. बँकेचे उतारे दिले, लायसन्स दिलं. आजवर त्याचा एकही हप्ता चुकलेला नाही. दुसऱ्या दिवशी नकार आला. फोनवरचा मुलगा म्हणाला, "सर, तुमचा एरिया निगेटिव्हमध्ये येतो." भावाने मला विचारलं, "ताई, एरिया निगेटिव्ह म्हणजे काय गं?"

मी गेली नऊ वर्षं अंधेरीत, कर्ज देणाऱ्या दुसऱ्या एका कंपनीत, अर्जदाराच्या पिनकोडावरून वस्तीची जोखीम मोजणारे असेच तक्ते बनवते. म्हणून हे पत्र.

संगणकाला पिनकोड नुसता दिला तर ४०००८३ हे ४०००१२ पेक्षा 'मोठं' असं तो धरून चालतो, आणि त्याला काही अर्थ नाही. प्रत्येक पिनकोडाला वेगळा रकाना द्यावा, तर देशात एकोणीस हजारांच्या वर पिनकोड आहेत. तेव्हा आम्ही पिनकोड पुसतो आणि त्या जागी तिथल्या जुन्या कर्जांपैकी किती बुडाली याची सरासरी लिहितो. याला टार्गेट एन्कोडिंग म्हणतात. डॅनिएल मिक्ची-बारेका यांनी २००१ साली ही रीत नीट मांडली. रीत चांगली आहे, मी रोज वापरते. पण तिच्या मूळ मांडणीतच जी काळजी सांगितली आहे, तीच घाईत गळते.

समजा, एका पिनकोडात आमची चारच कर्जं आहेत आणि तीन बुडाली. सरासरी ७५ टक्के! चार माणसांवरून अख्ख्या वस्तीला हा शिक्का बसतो. आता एकूण बुडीचं प्रमाण ६ टक्के धरा आणि प्रत्येक पिनकोडात त्याच प्रमाणातली पन्नास काल्पनिक कर्जं मिसळा. तीन अधिक तीन, भागिले चोपन्न, म्हणजे ११ टक्के. दुसऱ्या एका पिनकोडात ८०० कर्जं आणि ४० बुडालेली असतील, तर तिथे हीच भेसळ करूनही आकडा ५ टक्क्यांवरून जेमतेम ५.०६ वर जातो. जिथे माहिती भरपूर तिथे तिचं ऐकायचं, जिथे तुटपुंजी तिथे सगळ्यांच्या सरासरीकडे झुकायचं. या स्मूदिंगला प्रोग्रामची एक ओळ लागते. ती एक ओळ नसली की ११ चे ७५ होतात, आणि तिकडे कुणाची तरी मोटर अडते.

दुसरी चूक मी स्वतः केली आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी माझ्या मॉडेलचा, म्हणजे कर्ज बुडेल का याचा अंदाज बांधणाऱ्या प्रोग्रामचा, एयूसी ०.९३ आला. (बुडवणारा आणि फेडणारा किती नीट ओळखला याचा हा गुण; १ म्हणजे अचूक, ०.५ म्हणजे नुसता छापा-काटा.) साहेबांनी पाठ थोपटली. पुढच्या तिमाहीत खऱ्या अर्जांवर तो ०.६६ वर घसरला. दोन रात्री जागून तक्ता उलगडला, तेव्हा दिसलं की कितीतरी पिनकोडांत एकच कर्ज होतं. तिथली 'सरासरी' म्हणजे त्याच कर्जाचं उत्तर, ० किंवा १. मी प्रश्नपत्रिकेतच उत्तरं छापून ठेवली होती. बरं, ज्याची त्याची नोंद वगळून सरासरी काढली तरी सुटका नाही. वरच्याच चार कर्जांत बुडवणाऱ्याला उरलेल्या तिघांची सरासरी दोन-तृतीयांश दिसते, फेडणाऱ्याला पूर्ण एक. मॉडेल तो फरक उलटा वाचून उत्तर हुडकतं. म्हणून माहितीचे पाच भाग करून प्रत्येक भागाची सरासरी बाकीच्या चारांवरून काढायची. सायकिट-लर्न या मॉडेल बनवायच्या फुकट साधनसंचाने २०२३ च्या १.३ आवृत्तीत हे तयारच दिलं आहे. कॅटबूस्ट नावाचं दुसरं साधन ओळींचा क्रम पिसून फक्त आधीच्या ओळी पाहतं. पण मुंबईतल्या क्लासांतून येणारी मुलं आजही एका ओळीत 'ग्रुपबाय' करून, म्हणजे पिनकोडवार गट पाडून, सगळ्या नोंदींची सरासरी तशीच चिकटवतात. माझ्याकडे मुलाखतीला येणारी बहुतेक तेच लिहून दाखवतात, फार वाईट वाटतं.

हे सगळं बिनचूक केलं तरी एक गोष्ट उरते. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला, पत्रं लवकर पोचावीत म्हणून. तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृत कवी. शेवटचे तीन आकडे पत्र वाटणारं पोस्ट ऑफिस सांगतात, तिथल्या माणसांची दानत सांगत नाहीत. लालबागच्या एकाच ४०००१२ मध्ये चाळीतली दहा बाय बाराची खोलीही येते आणि शेजारच्या टॉवरमधला फ्लॅटही. दोघांच्या नावापुढे आम्ही एकच आकडा लिहितो.

माझं मागणं एवढंच आहे. कर्ज नाकारताना वस्ती हे कारण असेल तर ते लेखी सांगावं, आणि तो आकडा किती कर्जांवरून काढला तेही त्याच कागदावर लिहावं. अर्जदाराचे स्वतःचे हप्ते नियमित असतील तर पिनकोडाच्या जोरावर अर्ज आपोआप बाद होऊ नये, तो एखाद्या माणसाने वाचावा. आमच्या टीममध्ये मी हा नियम मांडला आहे. आता प्रत्येक सरासरीशेजारी संख्येचा रकाना असतो, आणि तीसपेक्षा कमी नोंदी असल्या की तो लाल होतो.

भावाला शेवटी जवळच्या पतपेढीने कर्ज दिलं. त्यांचे मॅनेजर संध्याकाळी गिरणीवर आले, दळणाच्या डब्यांची रांग पाहिली, उधारीची वही चाळली. दहा दिवसांत मोटर बसली.

आपली,
एक वाचक
कन्नमवार नगर, विक्रोळी (पूर्व), मुंबई ४०००८३