यरीहोचा तट आणि हिज्कीयाचं सोनं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत, उत्खननाने बायबलचं अक्षर न् अक्षर खरं ठरवलं, अशा अर्थाचा लेख आला. मी अलिबागकडची बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातली. आमच्या पणजोबांचा तेलाचा घाणा शनिवारी, आमच्या सुट्टीच्या पवित्र दिवशी, बंद असे, म्हणून गाव त्यांना 'शनवार तेली' म्हणे. पुढे मी बत्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. म्हणून हे लिहिल्यावाचून राहवत नाही.

लेखात यरीहोच्या कोसळलेल्या तटाचा दाखला आहे; यहोशवाच्या नेतृत्वाखाली इस्राएली लोक चालून आले तेव्हा या शहराचा तट पडला, असं बायबल सांगतं. पुरातत्त्वज्ञ कॅथलीन केन्यन यांनी तिथे १९५२ ते १९५८ खोदकाम केलं. पडलेला तट मिळाला, पण तो इ. स. पू. १५५०च्या सुमाराचा. यहोशवाचा काळ बहुतेक अभ्यासक तेराव्या शतकात धरतात. तेव्हा तिथे तटबंदीचं शहरच नव्हतं. तसंच बायबलप्रमाणे मिसरमधून (इजिप्तमधून) गुलामीतून सुटून निघालेल्या लाखो इस्राएली लोकांचा सीनायच्या वाळवंटात मागमूस नाही. पेसाहला, म्हणजे त्या सुटकेच्या सणाला, आई मराठी हागादा (त्या सुटकेची कथा सांगणारी पोथी) वाचायची, आता मी वाचते, आणि वाचत राहणार. त्यासाठी मला यरीहोची वीट लागत नाही.

पण म्हणून सगळीच दंतकथा, असं म्हणणारेही चुकतात. १९९३ साली उत्तर इस्रायलमधल्या तेल दान इथे सापडलेल्या शिलालेखात इस्राएलच्या शत्रूच्याच राजाने बायबलमधल्या दावीद राजाच्या वंशाचा 'दावीदाचं घराणं' असा उल्लेख केला आहे. आणि यहूदाचा राजा हिज्कीया! अश्शूरचा (असिरियाचा) राजा सन्हेरीब इ. स. पू. ७०१ मध्ये यहूदावर चालून आला. त्याच्या मातीच्या लेखात आहे की ४६ तटबंद शहरं घेतली, हिज्कीयाला पिंजऱ्यातल्या पाखरासारखं यरुशलेमेत कोंडलं. शहर जिंकलं, असं मात्र तो कुठेच म्हणत नाही. खंडणीत सोनं ३० किक्कार (वजनाचं जुनं माप), आणि बायबलमधल्या राजांच्या दुसऱ्या पुस्तकातही नेमकं ३०! चांदीचा आकडा जुळत नाही, बायबलमध्ये ३००, सन्हेरीबाच्या लेखात ८००. वर्गात मी हे दोन्ही उतारे फळ्यावर शेजारी शेजारी लिहायची. मुलं चांदीवरून तावातावाने भांडायची आणि तास संपला तरी उठायची नाहीत.

यरीहोबद्दलची दुरुस्ती कृपया छापावी. जागा असेल तर सन्हेरीबाने यहूदातल्या लाखीश शहराला घातलेल्या वेढ्याच्या शिल्पाचा फोटोही द्यावा. सन्हेरीबाच्या महालातलं ते शिल्प आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, आणि त्यात दिसणारा, तटावर चढण्यासाठी सैन्याने रचलेला चढ लाखीशला अजून उभा आहे.

एक निवृत्त शिक्षिका, ठाणे