क्रिकेटचं पान दुसरं कुणीतरी लिहील

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

फोनवर सांगायला गेलं की बाबा "बरं बरं" म्हणतात आणि आई फोन ओढून घेऊन "जेवलीस का" विचारते. मुद्दा राहतोच. म्हणून लिहितेय. अंधेरीच्या ऑफिसात राजीनामा दिला. पुढच्या महिन्यापासून एका मराठी न्यूज वेबसाइटच्या क्रीडा डेस्कवर रुजू होतेय. पगार आत्तापेक्षा कमी, शिफ्ट बहुतेक रात्रीची, सहा महिने प्रोबेशन. वाईट बातमी एवढीच.

बाबा, तुमचा पहिला प्रश्न मला माहीत आहे. नाही, क्रिकेट नाही. क्रिकेटला त्यांच्याकडे माणसं भरपूर आहेत. मला फुटबॉल आणि मोटर रेसिंग मिळालंय, आणि ते मी मागून घेतलंय. तेव्हा देवरुखात कुणी विचारलं तर "पोरगी क्रिकेटवर लिहिते" असं सांगू नका. पमामावशीला तर मुळीच नको, ती लगेच वानखेडेचे पास मागेल.

परळचं सेंट झेवियर्सचं मैदान आठवतंय ना? तुम्ही ड्यूटीवरून येताना त्याच्या कडेने चालत यायचात. तिथे अजून मुंबईच्या लीगच्या मॅचेस होतात. तिकीट नाही, गर्दी नाही, पाच-पन्नास माणसं आणि एक चहावाला. पण रेषेला चिकटून उभं राहिलं की टीव्हीवर कधीच न येणारा खेळ ऐकू येतो. मागून बचावपटू ओरडत असतात, "मॅन ऑन!" (म्हणजे मागून कुणीतरी अंगावर येतोय), "सोड त्याला!", मधूनच अस्सल परळची एखादी शिवी. परवा मधल्या फळीतला एक पोरगा बघत होते. ढिले मोजे चिकटपट्टीने आवळलेले. बॉल त्याच्याकडे यायच्या आधी तो दोनदा मान वळवून मागे बघून घ्यायचा, प्रत्येक वेळी. त्यामुळे बॉल पायात आला की त्याला विचार करावा लागत नव्हता. गोल दुसऱ्यानेच मारला, टाळ्याही त्यालाच. मला मात्र त्या मान वळवण्यावर लिहायचं होतं आणि लिहिलंही. एका दैनिकाला पाठवलं. छापून आलं तेव्हा चार ओळी उरल्या होत्या, आणि वर कुणा क्रिकेटपटूचा नेटमध्ये सराव करतानाचा मोठा फोटो. मानधनाचं अजून "बघतो" चाललंय.

तुम्ही म्हणता, फुटबॉल आपला नाही, कोलकात्याचा आणि गोव्याचा. बाबा, रोव्हर्स कप ही फुटबॉल स्पर्धा याच मुंबईत 1891 मध्ये सुरू झाली आणि शंभरहून जास्त वर्षं चालली, कूपरेजच्या मैदानावर गर्दी खेचत होती. मफतलाल, ओर्के मिल्स, टाटा, एअर इंडिया यांच्या टीम होत्या. नोकरी देऊन खेळाडू ठेवायचे. त्याच टाटांकडून खेळणाऱ्या नेव्हिल डिसूझाने 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल मारले. ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई. त्या वर्षी भारत चौथा आला होता. वांद्र्याला त्याच्या नावाचं मैदान आहे, पण तिथे खेळणाऱ्या पोरांना विचारलं तर त्यातल्या निम्म्यांना हे नाव कुणाचं ते सांगता येत नाही. यात पोरांचा काय दोष? आम्ही लिहिलंच नाही.

आणि हे फक्त जुनं नाही. एप्रिल 2022 मध्ये मुंबई सिटी या आपल्या फुटबॉल क्लबची टीम रियाधला इराकच्या एअर फोर्स क्लबशी खेळली. आधी एक गोल खाल्ला, मग पेनल्टीवर बरोबरी, आणि मग कॉर्नरवर उडी मारून हेडरने गोल केला तो राहुल भेकेने. आपल्या मुंबईचा पोरगा. एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये, म्हणजे आशियातल्या क्लबांच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेत, भारतीय क्लबने मॅच जिंकण्याची ती पहिली वेळ. दुसऱ्या दिवशी मी स्टेशनवरचे सगळे मराठी पेपर उलटेपालटे केले. आयपीएल चालू होतं, आणखी काय सांगू.

आई, आता तुझा प्रश्न. गाड्या गोल गोल फिरतात, त्यात लिहायचं काय? अगं, तवा तापल्याशिवाय पहिला घावन सुटत नाही हे तूच मला शिकवलंस. टायरचं तसंच. थंड टायर रस्ता धरत नाही, फार तापला तर झिजतो. म्हणून शर्यत नुसत्या वेगाची नसते, टायर कधी बदलायचा याची असते. पुढच्या गाडीआधी पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकच्या कडेला टायर बदलायच्या जागेत, शिरून नवे टायर घालायचे, एक-दोन फेऱ्या जीव तोडून पळवायची, आणि तो त्याचे टायर बदलून बाहेर येईपर्यंत त्याच्या पुढे निघून जायचं. याला अंडरकट म्हणतात. रस्त्यावर ओव्हरटेक न करता ओव्हरटेक! चार चाकं बदलायला दोन-अडीच सेकंद लागतात. आपल्या गल्लीतला पंक्चरवाला तेवढ्यात मान वर करून बघतसुद्धा नाही.

माझं डोकं या खेळात खरं अडकलं ते सिंगापूरच्या 2008 च्या शर्यतीमुळे. मी ती खूप नंतर, जुन्या चित्रफितीत पाहिली. फॉर्म्युला वनची, म्हणजे मोटर रेसिंगमधल्या सर्वोच्च मालिकेची, ती पहिली रात्रीची शर्यत. फर्नांडो अलोन्सो पंधराव्या जागेवरून निघाला आणि सगळ्यांच्या आधी पिटमध्ये गेला. थोड्याच वेळात त्याच्याच टीमचा नेल्सन पिके ज्युनिअर भिंतीवर आदळला. सेफ्टी कार आली, म्हणजे सगळ्यांनी तिच्यामागे हळू चालायचं; अलोन्सोचं पिटचं काम आधीच झालेलं, बाकीच्यांचा हिशोब कोलमडला आणि अलोन्सो जिंकला. त्या गोंधळात पुढे असलेला फेलिपे मासा पेट्रोलची नळी गाडीला अडकलेली असतानाच पिटमधून निघाला आणि मागे पडला. वर्षाच्या शेवटी त्याचं विश्वविजेतेपद एका गुणाने हुकलं. पुढच्या वर्षी पिकेला टीमने काढलं, तेव्हा त्याने सांगून टाकलं की मुद्दाम आदळायला लावलं होतं.

त्या रात्री जगभरातून बातम्या गेल्या त्या अलोन्सोच्या नशिबाच्या. मी तिथे असते तर मला कळलं असतं असा माझा दावा नाही. पण इतक्या मागून निघालेला माणूस इतक्या लवकर पिटमध्ये का गेला, हा प्रश्न त्याच रात्री विचारण्यासारखा होता. मला ते काम करायचंय. गोल कुणी मारला, शर्यत कुणी जिंकली हे मोबाइलवर सगळ्यांना आधीच कळलेलं असतं.

अडचणी आहेत, लपवत नाही. मुंबईत ट्रॅक नाही. ग्रेटर नोएडाला 2011 ते 2013 अशी तीन वर्षं फॉर्म्युला वनची शर्यत झाली, तिन्ही वेळा जर्मनीचा सेबॅस्टियन व्हेटेल जिंकला, मग करांच्या भांडणात ती बंदच पडली. मुंबईचा जेहान दारूवाला फॉर्म्युला टू मध्ये, म्हणजे फॉर्म्युला वनच्या एक पायरी खाली, शर्यती जिंकला, त्याही आम्ही टीव्हीवरच पाहिल्या. म्हणजे मी बरंचसं लिहिणार ते स्क्रीनसमोर बसून. प्रेस बॉक्समध्ये बायका मोजक्याच असतात, पण बसायला जागा मिळते.

रात्रीचं म्हणाल तर युरोपातल्या चॅम्पियन्स लीगच्या बहुतेक मॅचेस आपल्याकडे रात्री साडेबाराला, थंडीत दीडला सुरू होतात. शेवटची लोकल तेव्हा जवळजवळ गेलेलीच असते, म्हणून ऑफिसची गाडी घरापर्यंत सोडते. हे मी रुजू व्हायच्या आधी लेखी घेतलंय. पैसे पाठवू नका, भाडं निघेल. पुण्याच्या स्थळाला मात्र आत्ताच "नाही" कळवून टाक, आई. "मुलगी रात्री काय करते" हे त्यांनी दोनदा विचारलं, "मुलगी काय लिहिते" हे एकदाही नाही.

गणपतीत येतेय. इटलीतली मोंझाची शर्यत साधारण त्याच सुमारास असते, पण युरोपातल्या बहुतेक शर्यती आपल्याकडे संध्याकाळी साडेसहाला सुरू होतात, त्यामुळे आरती आणि शर्यत एकाच वेळी आली तर मला आधी सांगा. बातमी तिथूनच पाठवावी लागेल, तेव्हा बाबा, वायफायवाल्याला बोलावून ते वरच्या खोलीचं एकदाचं करून घ्या. आणि प्रेशरची गोळी सकाळचीच सकाळी घ्या, दुपारी आठवण झाल्यावर नको.

तुमची,
मनू