लेस्टरहून आई-बाबांना

लेस्टर, १२ ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप आई आणि बाबांस,
साष्टांग नमस्कार.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर आईचा गळा दाटून येतो, मग बाबा फोन घेतात, "बरं, बरं" म्हणतात आणि विषय पावसावर जातो. म्हणून लिहून पाठवते आहे. नंदू हे मोठ्या अक्षरांत छापून तुमच्या हातात देईल. बाबा, आईला वाचून दाखवताना मधलं काही गाळू नका.

प्रयोगशाळेतली माझी नोकरी संपली. आजारपणाचा पगार इथल्या, म्हणजे ब्रिटनच्या, कायद्याने जास्तीत जास्त २८ आठवडे मिळतो, तो मिळून झाला. दिवसभर पिपेट धरायचं, झाकणं उघडायची, पुन्हा लावायची, हे काम आमवाताने सुजलेल्या बोटांनी आता होणार नाही, हे डॉक्टरांनाही दिसत होतं आणि मलाही. कुणी वाईट वागलं नाही, भांडण झालं नाही. त्यानंतर मी इथल्या सरकारी मदतीसाठी, युनिव्हर्सल क्रेडिटसाठी अर्ज केला. तो मंजूर झाला आहे आणि पैसेही सुरू झाले आहेत. आणि मी तूर्त सांगलीला कायमची परत येत नाही. दोन्ही गोष्टी ठरवून झाल्या आहेत, तेव्हा नंदूला माझी समजूत घालायला बसवू नका.

बाबा, तुमच्या मनात काय आलं असेल ते मला ठाऊक आहे. अंगात ताप असताना तुम्ही कोल्हापूरच्या ड्यूट्या केल्यात. त्या वर्षी एसटी डेपोतल्या सगळ्यांनी मदतीचे अर्ज भरले आणि तुम्ही भरला नाहीत, तेही मी विसरलेले नाही. आपल्या घरात कुणी हात पसरला नाही. पण हे हात पसरणं नाही, बाबा. हातीपायी धड होते तोवर माझ्या पगारातून दर महिन्याला कर आणि नॅशनल इन्शुरन्स, म्हणजे सरकारी विम्याचा हप्ता, कापला जात होता आणि मी कधी कुरकुर केली नाही. त्यातून कुणाकुणाची आजारपणं निघाली असतील. आता माझं आजारपण आलं आहे, एवढंच. तुमच्या पेन्शनला कुणी भीक म्हटलं तर तुम्ही त्याला दारात उभं कराल का?

व्हिसाची काळजीही नको. वर्क व्हिसावर असते तर ही मदत मागताच आली नसती, तशी अटच असते. कायम वास्तव्याचा परवाना मिळाला तेव्हा ती अट गेली. मदत घेतली म्हणून मला कुणी इथून घालवणार नाही. अर्ज लांबवण्यातही अर्थ नव्हता. यंदा नवा कायदा झाला आहे आणि एप्रिल २०२६ पासून नव्याने अर्ज करणाऱ्या बहुतेक आजारी माणसांना मिळणारी जादा रक्कम जवळजवळ निम्मी होणार आहे.

आता "आजारी आहेस तर नोकरी शोधायला का लावतात?" हा आईचा प्रश्न. इथे मदत हवी तर जॉबसेंटरच्या अधिकाऱ्याबरोबर एक करार करावा लागतो. या अधिकाऱ्याला वर्क कोच म्हणतात. धडधाकट माणसाने आठवड्याला ३५ तासांपर्यंत नोकरी शोधावी अशी अपेक्षा असते. माझ्या कराराच्या पहिल्या मसुद्यातही तोच आकडा होता. मी लगेच "मान्य" म्हटलं नाही. डॉक्टरांची फिट नोट, म्हणजे आजारपणामुळे काम कितपत जमेल याचा दाखला, पुढे ठेवली आणि सांगितलं की सकाळी माझी बोटं उघडायलाच दोन तास लागतात, टायपिंग सलग अर्धा तासही जमत नाही, आणि मेथोट्रेक्सेट ही आमवाताची गोळी घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी मी आडवीच असते. वर्क कोचला तास कमी करण्याचा अधिकार असतो, पण आपण बोललो नाही तर त्यांना कळणार कुठून? आता माझ्यासाठी आठवड्याला दहा तास ठरले आहेत, तेही मला जमतील तेव्हा, तुकड्यातुकड्याने. घरी बसून करता येईल असं, अर्धवेळ, कागदपत्रं तपासण्याचं काम मी शोधते आहे. प्रयोगशाळांच्या नोंदी आणि गुणवत्तेचे अहवाल मला डोळे मिटून कळतात, ते ज्ञान काही बोटांत नाही.

भेटीची वेळ सकाळी नऊची दिली होती. ती बदलून दुपारची मागितली आणि पुष्कळशा भेटी फोनवर करून घेतल्या. २०१० च्या इक्वॅलिटी अॅक्टप्रमाणे, म्हणजे समानतेच्या कायद्याप्रमाणे, सरकारी कचेऱ्यांनीही दीर्घ आजार असलेल्या माणसासाठी असे वाजवी बदल करायचे असतात, म्हणून मागताना मला संकोच वाटला नाही. आई, तू म्हणशील, "साहेबांना वेळ बदलायला सांगितलीस?" हो, सांगितली, आणि त्या बाई नीट बोलल्या.

बाबा, तुमची खर्चाची वही आठवते ना, पोस्टाच्या तिकिटासकट सगळं लिहिलेलं? तीच सवय मला इथे उपयोगी पडते आहे. कोणत्या तारखेला कोणती जाहिरात पाहिली, कुठे अर्ज केला, काय उत्तर आलं, आणि कोणत्या दिवशी दुखण्यामुळे काहीच झालं नाही, हे सगळं मी लिहून ठेवते. सरकारच्या संकेतस्थळावर प्रत्येकाचं एक जर्नल असतं, त्यात निरोप टाकता येतात. दुखणं उसळलं की मी भेटीच्या आधीच तिथे लिहून कळवते. कारण न कळवता भेट चुकली तर पैसे कापतात. कापलेच, तर महिन्याच्या आत फेरविचार मागता येतो आणि त्यानेही भागलं नाही तर पुढे न्यायाधिकरण आहे. तशी वेळ आलेली नाही, तुम्ही ऐकीव काही ऐकून घाबरू नये म्हणून लिहिते आहे.

खरं अवघड गेलं ते प्रश्नावली भरणं. फिट नोट काही आठवडे चालू राहिली की एक लांबलचक फॉर्म येतो. उभं किती वेळ राहता येतं, बसता किती वेळ येतं, एक लिटर दुधाचा डबा उचलता येतो का, पेन धरता येतं का. आई, मी पहिल्या प्रश्नाशीच थांबले. कारण आपल्या घरात कुणी "कशी आहेस" विचारलं की उत्तर एकच असतं, "बरं आहे". आजीचे गुडघे सुजून भोपळ्याएवढे झाले तरी "बरं आहे". तू डॉक्टरांसमोर बसतेस, ते विचारतात, तू पदर सावरून म्हणतेस, "तसं बरं आहे", आणि बाहेर आल्यावर रिक्षात चढताना बाबांचा खांदा धरतेस. त्या फॉर्मवर "बरं आहे" लिहिलं असतं तर मी बरी आहे असंच त्यांनी धरलं असतं. तिथे चांगला दिवस सांगायचा नसतो. एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा, वेळेत आणि त्रास न होता करता येते का, ते सांगायचं असतं. डबा एकदा उचलता येतो, पण त्यानंतर तासभर मनगट हलत नाही, हे लिहायचं असतं. मी सगळं लिहिलं. आंघोळीचं लिहिलं, केस विंचरण्याचं लिहिलं. लिहिताना वाईट वाटलं, पण ते सगळं खरं आहे आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

आता तपासणी व्हायची आहे, बहुधा फोनवरच. तीन निकाल लागू शकतात. एक, मी काम करू शकते. दोन, आत्ता काम जमणार नाही पण तयारी करू शकते, म्हणजे नोकरी शोधायची सक्ती नाही. तीन, काम आणि तयारी दोन्हींतून सूट आणि वर जादा रक्कम. निकाल लागेपर्यंत फिट नोट्स देत राहायच्या. तीनपैकी काहीही लागलं तरी डोक्यावर छप्पर राहील, हे मी नीट विचारून घेतलं आहे.

तसंही माझं इथे चाललं आहे, खरंच चाललं आहे. माझ्यासारख्या एकट्या माणसाची मूळ रक्कम यंदा महिन्याला ४००.१४ पौंड आहे आणि भाड्याची मदत वेगळी. औषधं फुकट मिळतात, एरवी प्रत्येक औषधामागे ९.९० पौंड पडतात. बेलग्रेव्ह रोडवर ज्वारीचं पीठ मिळतं. भाकरी थापता येत नाही म्हणून मी धिरडी करते, ती छान होतात. भाज्या चिरलेल्या, गोठवलेल्या आणते. बाटल्यांची झाकणं उघडायचं एक साधन घेतलंय, नळांना लांब दांड्या बसवून घेतल्यात. सकाळी हात कोमट पाण्यात धरून बसते. शेजारच्या गुजराती बेन आठवड्यातून एकदा कढी-खिचडी देतात आणि डबा परत द्यायला गेले की रागावतात. घरात हीटर नीट चालतो. दिवाळीचे दिवे रस्त्यावर लागलेत, खिडकीतून थोडे दिसतात. मी उपाशी नाही, गारठत नाही आणि एकटीही नाही.

परत का येत नाही, तेही लिहिते, म्हणजे तुम्हाला मन घट्ट करून विचारावं लागणार नाही. माझे डॉक्टर इथे आहेत, रक्ताच्या नियमित तपासण्या इथे चालू आहेत आणि गोळ्यांनी भागलं नाही तर पुढची महागडी इंजेक्शनं इथे आरोग्यसेवेतून मिळू शकतात. तिथे ती विकत घ्यायची म्हटली तर बाबांची पेन्शन त्यात जाईल. आणि मला तुमच्या उतारवयात तुमच्याच हातून पाण्याचा तांब्या घ्यायचा नाही. तुम्ही द्याल, हसत द्याल, ते मला माहीत आहे. पण पुराच्या वर्षी तुम्ही दोघांनी जे उपसलंत त्यानंतर तरी तुम्हाला बसून खाऊ द्यावं असं मला वाटतं. मी दूर राहून तुमची आबाळ करते आहे असं लोक म्हणतील. म्हणू देत. तुम्हाला तसं वाटू नये, एवढंच मला हवं आहे.

बाबा, एफडी मोडू नका. हात जोडून सांगते. इथे सहा हजार पौंडांच्या वर, म्हणजे साधारण सात लाख रुपयांच्या वर बचत गेली की मदत कमी होत जाते आणि सोळा हजारांच्या वर गेली की बंद होते. तुम्ही प्रेमाने पाठवलेली रक्कमही माझीच बचत धरली जाईल. विश्रामबागचा प्लॉटही तूर्त माझ्या नावावर करू नका. परदेशातली मालमत्ताही मोजतात, आणि मला ती कळवावी लागेल, मी लपवणार नाही. प्लॉट तुमचा आहे, तुमच्याच नावावर शोभतो.

संक्रांतीला मी येणार आहे. मदत चालू ठेवून महिनाभरापर्यंत बाहेर राहता येतं. आधी कळवावं लागतं आणि तिथूनही नोकरीचे अर्ज चालू ठेवावे लागतात. मी माझा लॅपटॉप घेऊन बाबांच्या टेबलाशी बसेन. तिकिटाचं नंदूने अंगावर घेतलं आहे, त्याला काही बोलू नका.

आई, मला एक हवंय. आल्यावर तिळाचं तेल कोमट करून माझ्या हातांना लाव, लहानपणी सायकलवरून पडले होते तेव्हा लावायचीस तसं. एकेक बोट वेगळं धरून, वर फुंकर घालत. औषध म्हणून नको, असंच. काल रात्री झोप येत नव्हती तेव्हा तुझी ती फुंकर आठवली आणि मी चाळिशी ओलांडलेली बाई उशीत तोंड खुपसून "आई गं" म्हणाले. बाबा, तुम्ही शेवटच्या गाडीने यायचात आणि मी झोपेतही तुमच्या तिकिटांच्या पेटीचा आवाज ओळखायचे, तेही आठवलं.

आता ऐका, दोघांनीही.

आई, काढे आणि गुग्गुळ पार्सलात घालू नकोस. तुझी माया कळते मला, पण माझ्या गोळीने यकृतावर ताण येतो आणि वर आणखी काही नको. फराळ पाठव. चकल्या एकटीने पाडायच्या नाहीत, शेजारच्या सूनबाईंना हाताशी घे. स्टुलावर चढून माळ्यावरचा डबा काढायचा नाही. न्हाणीघरात दांडा बसवून घ्या, नंदूला मी मापं पाठवली आहेत. बाबा, साखरेची तीन महिन्यांची तपासणी राहिली आहे. श्रीखंड खाऊन "एवढंसंच होतं" म्हणू नका. रक्तदाबाची गोळी उपवासाच्या दिवशीही घ्यायची.

आणि आई, पुढच्या वेळी गुडघ्यांसाठी जाशील तेव्हा "बरं आहे" म्हणायचं नाही. कागदावर लिहून ने: जिन्याच्या किती पायऱ्यांनंतर गुडघा दुखतो, रात्री कितीदा उठावं लागतं, खाली बसल्यावर उठायला काय धरावं लागतं. बाबा, ती बोलली नाही तर तुम्ही वाचून दाखवा. डॉक्टरांनी तारीख दिली की त्याच दिवशी मला कळवा, मी त्या वेळी फोनवर राहीन.

तुमची,
ताई

ता. क. माई मावशीने विचारलं तर नोकरी बदलते आहे म्हणून सांगा. ते खोटंही नाही.