भित्तिचित्रांच्या छायाचित्रांची मूळ फाइलही मागवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या वाड्यांतील भित्तिचित्रांच्या छायाचित्रांचे संग्रह आता गावोगावची वाचनालये आणि इतिहासप्रेमी मंडळेही करू लागली आहेत, ही समाधानाची गोष्ट आहे. मात्र माझ्या पाहण्यात आलेल्या अशा संग्रहांत छायाचित्रे केवळ जेपीईजी या आटोपशीर, दाबून लहान केलेल्या स्वरूपात मागवली जातात. कॅमेऱ्याने टिपलेली रॉ फाइल, म्हणजे सेन्सरची प्रक्रिया न केलेली कच्ची नोंद, कोणी मागत नाही, आणि जागा अडते म्हणून छायाचित्रकारही ती पुसून टाकतो.

हा फटका मी स्वतः खाल्ला आहे. बारा वर्षांपूर्वी सातारा जिल्ह्यातील एका खासगी वाड्याच्या माजघरातील चित्रे मी टिपली. एका बाजूने झरोक्यातला उजेड, दुसऱ्या बाजूला पिवळा बल्ब, आणि कार्डावर जागा कमी म्हणून मी फक्त जेपीईजी ठेवले. व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या छटेनुसार रंग जुळवण्याची सोय, हीही ‘ऑटो’वरच सोडली. पुढे दुरुस्तीत त्या भिंतीवर डिस्टेंपर चढला. आज माझ्या छायाचित्रांत गणपतीमागची महिरप एकात पोपटी, तर दुसऱ्यात शेवाळी दिसते, आणि खरा रंग कोणता हे विचारायला भिंतच उरलेली नाही. मिश्र उजेडाचा घोळ रॉ फाइलने पूर्ण सुटला असता असे मी म्हणत नाही, पण निदान दोन्ही छायाचित्रे एका मापावर आणता आली असती.

कारण रॉ फाइलमध्ये व्हाइट बॅलन्स ही केवळ सोबतची टीप असते. ती नंतर हवी तशी बदलली तरी सेन्सरवर पडलेल्या उजेडाची नोंद जशीच्या तशी राहते. जेपीईजीत मात्र कॅमेऱ्याचा अंदाज रंगांत कायमचा मुरलेला असतो. शिवाय १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये उजेडाच्या १६,३८४ पायऱ्या नोंदवता येतात, तर ८ बिटच्या जेपीईजीत प्रत्येक रंगाला २५६च. काजळीने काळवंडलेल्या कोपऱ्यातली रेघ उजळून पाहायची वेळ आली, की हा फरक डोळ्यांना दिसतो. जेपीईजी उघडून, सुधारून, पुन्हा सेव्ह केले, की दर वेळी त्यातले थोडे निसटते, ते वेगळेच.

रॉ फाइल जपण्यातही एक खाचखळगा आहे. डार्कटेबलसारख्या छायाचित्रे सुधारण्याच्या मोफत संगणकप्रणालीत केलेले संस्करण, म्हणजे रंग-उजेडातले बदल, मूळ फाइलला हात न लावता शेजारच्या, काही किलोबाइटच्या एक्सएमपी फाइलमध्ये लिहिले जाते. आमच्या ओळखीच्या एका उत्साही तरुणाने हार्ड डिस्क साफ करताना ‘या बारीकसारीक फायली कसल्या’ म्हणून त्या सगळ्या उडवल्या. चित्रे वाचली, पण दोन महिन्यांचे काम गेले. फाइलचे नाव एकट्याने बदलले, तरी ही जोडी तुटते. एका प्रणालीतली संस्करणे दुसरीला पूर्णपणे कळतातच असेही नाही, म्हणून तयार चित्राची १६ बिट टिफ (दर्जा न घटवता चित्र साठवणारे स्वरूप) प्रत निराळी ठेवावी. २४ मेगापिक्सेलच्या चित्राला ती सुमारे १४४ मेगाबाइट होते खरी, पण ती प्रत्येक चित्राची नव्हे, निवडक चित्रांचीच करायची असते.

वृत्तछायाचित्रांची गोष्ट निराळी. रॉयटर्स या वृत्तसंस्थेने २०१५ मध्ये आपल्या मुक्त छायाचित्रकारांना रॉवरून तयार केलेली चित्रे पाठवू नका, कॅमेऱ्यातच जेपीईजी टिपा, असे सांगितले होते. तिथे घाई असते आणि फेरफाराची शंकाही. परंतु दस्तऐवज म्हणून टिपलेल्या चित्राबाबत तीच शंका मिटवायला मूळ फाइल कामी येते. वृत्तछायाचित्रांच्या वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेतही अंतिम टप्प्यात पोहोचलेल्यांकडून मूळ फायली मागवून ताडून पाहिल्या जातात.

कंपनीगणिक रॉचे स्वरूप बदलते आणि उद्या ते उघडेल का, ही भीती रास्त आहे. त्यासाठी अडोबीने २००४ मध्ये खुले केलेले डीएनजी हे स्वरूप आहे आणि त्यात रूपांतर करणारी प्रणाली मोफत मिळते. तरीही मूळ फाइल लगेच पुसू नये, असे माझे मत आहे.

संग्रह करणाऱ्या मंडळांनी आपल्या अर्जात ‘रॉ फाइल व सोबतची एक्सएमपी जोडली आहे काय’ एवढा एक रकाना वाढवावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, वाई